स्वप्नात मिठाई दिसली तर लगेच अर्थ काढू नकोस
अरे स्वप्नात हलवा खाल्लास म्हणून लगेच मोबाईल काढून अर्थ शोधत बसू नकोस. हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींतच, स्वप्नांचे तीन प्रकार सांगितलेत, अल्लाहकडून आलेलं, सैतानाने घाबरवलेलं आणि आपल्याच मनातलं, आणि रमजानमध्ये दिवसभर रोजा ठेवून दुपारच्या झोपेत जिलेबी दिसली तर ती बहुतेक तिसऱ्यातलीच बरं का! बाकी जुन्या ताबीरच्या, म्हणजे स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तकांत गोड म्हणजे साधारण चांगलंच, हलाल कमाई, आजारी माणूस बरा होणं, कैद्याची सुटका वगैरे, पण बघणारा कोण त्यावर अर्थ फिरतो. बुखारी या हदीससंग्रहातली ढगातून तूप-मध टपकण्याच्या स्वप्नाची हदीस नक्की वाच, पैगंबरांचे साथीदार हजरत अबू बकरनी त्याचा अर्थ कुरआनचा गोडवा असा लावला, तरी पैगंबर (स.) म्हणाले थोडं बरोबर, थोडं चूक. आता तिथे असं, तर ॲपवाल्यांचं काय घेऊन बसलास. आणि स्वप्नांचा अर्थ सांगण्यासाठी प्रसिद्ध असलेले जुने विद्वान इब्न सिरीन, त्यांच्या नावाने जे फिरतं ते सगळं त्यांचं नाही हां, ते ७२९ साली वारले, त्यांच्या नावावरचं पुस्तक बरंच नंतरचं. चांगलं स्वप्न असेल तर जिवाभावाच्या माणसालाच सांग, ग्रुपवर टाकू नकोस.