जैवसंपृक्त बाजरी-ज्वारी पिकवण्यात आणि विकण्यात स्त्री-पुरुष असा फरक का पडतो?

आपला प्रश्न असा आहे की, जैवसंपृक्त, म्हणजे दाण्यातच लोह आणि जस्त अधिक असलेले, बाजरी-ज्वारीचे वाण सर्व शेतकऱ्यांना सारखेच उपलब्ध असताना ते पिकवण्यात आणि विकण्यात स्त्री-पुरुष असा फरक का पडावा. मी मुंबईत राहते आणि महिला बचत गटांचे धान्य शहरातील ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचे काम करते. माझ्या मते या फरकाचे मूळ असे आहे की, वाढलेल्या पोषणाचा लाभ घरातल्या ताटात होतो, पैशाचा व्यवहार मात्र दुकानात आणि अडतीवर होतो, आणि या दोन ठिकाणी बहुतेक घरांत दोन वेगळी माणसे उभी असतात.

बाजरीचेच उदाहरण घेऊ. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने तयार झालेला ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलांना रोज दोन वेळा देऊन पाहिली, तेव्हा चार महिन्यांतच त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारलेला आढळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पुरुषांमधील प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे या दाण्याची सर्वाधिक गरज बाईला आहे. पण पेरायचे काय, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे असेलच असे नाही.

बियाण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धनशक्ती हा सुधारित वाण आहे, संकरित नाही. त्यामुळे त्याचे बी घरी राखता येते. खुडणीच्या वेळी भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसे बाजूला काढायची, ती वेगळी झोडपायची आणि ते बी राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून जपून ठेवायचे, ही कामे आमच्या गटांतील बायकांच्या हातची आहेत. बाजरीत परपरागीभवन होत असल्याने, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर जात असल्याने, शेजारच्या रानातील दुसऱ्या वाणापासून अंतर राखावे लागते, तेवढी काळजी घेतली तर काही हंगाम बी चालते. त्यानंतर आलेले लोहयुक्त संकरित वाण उत्पादनाला सरस आहेत, हे मान्य करायलाच हवे. परंतु त्यांचे बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते. कृषी सेवा केंद्रात जातो तो घरातला पुरुष, उधारीचे खाते त्याच्या नावावर आणि अनुदानाच्या अर्जाला लागणारा सातबाराही बहुधा त्याच्याच नावावर. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीच्या खात्यांपैकी स्त्रियांची खाती जेमतेम १४ टक्के आहेत. म्हणून संकरित वाणांच्या जोडीने चांगले सुधारित वाण टिकवणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे, असे मला ठामपणे वाटते.

विक्रीत अडचण वेगळीच आहे. लोह डोळ्यांना दिसत नाही. अडत्याच्या ढिगावर धनशक्तीची बाजरी आणि साधी बाजरी यांना एकच भाव मिळतो, आणि एकदा मिसळली की ती निवडून काढता येत नाही. त्यामुळे पोती घेऊन बाजार समितीत जाणारा पुरुष उतारा, दाण्याचा रंग आणि कडब्याचे वजन पाहूनच वाण निवडतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच पाहिले असते. आठवडी बाजारात पायलीच्या मापाने विकणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलते आणि दाण्याचा गुण सांगू शकते, पण तिचा माल थोडा असतो. जिथे गुण दिसतो तिथे चित्र बदलते. युगांडात २००७ ते २००९ या काळात अ जीवनसत्त्वयुक्त नारिंगी रताळ्याचा प्रसार झाला, तेव्हा जमिनीवर नवरा-बायको दोघांचा ताबा असून पीक ठरवण्यात बायको पुढे होती, अशा तुकड्यांवर ते सर्वाधिक लावले गेले आणि केवळ पुरुषाच्या ताब्यातील तुकड्यांवर सर्वांत कमी. बाईकडे सगळे सोपवले म्हणजे काम झाले, असे मात्र यातून निघत नाही. दोघांनी मिळून ठरवणे आणि त्यात तिचा शब्द चालणे, हे निर्णायक ठरले.

मुंबईत आम्ही बाजरी पिठाच्या रूपात आणत नाही, कारण दळल्यावर आठवडाभरात पीठ कडवट होऊ लागते. गावाकडून दाणा येतो, वाणाचे नाव पिशवीवर लिहिलेले असते आणि मागणीप्रमाणे इथे दळण होते. ग्राहक वाण विचारू लागला की त्या दाण्याला वेगळा भाव देता येतो. मात्र भाव वाढला आणि माल टेम्पोने जाऊ लागला की व्यवहार हळूहळू घरातल्या पुरुषांकडे सरकतो, हेही मी जवळून पाहिले आहे. यासाठी आम्ही खरेदीची पावती माल आणणाऱ्या बाईच्या नावाने करतो आणि रक्कम तिच्याच बँक खात्यात भरतो; बियाणेही गटामार्फतच देतो. आपण अशा कामात उतरणार असाल, तर वाण कोणता हे ठरवण्याआधी त्या गावात बियाणे कोण आणते आणि विक्रीच्या पट्टीचे पैसे कोण मोजून घेते, याची चौकशी अवश्य करावी.