कल्पना सुचली, आता पुढे काय?

तुमची पेरणी यंत्राची कल्पना खरंच चांगली आहे, सोडू नका. पण नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. यंत्र चालतं कसं, हे लिहून दाखवावं लागतं.

सध्या एवढंच करा:

- वहीत तारीख टाकून आकृती काढा, मग कच्चा नमुना बनवा. बऱ्याच अडचणी तिथेच कळतात.
- पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीची पेटंटं शोधा. मोफत आहे.
- अर्जाआधी व्हिडिओ टाकू नका, प्रदर्शनात मांडू नका. एकदा जाहीर झालेलं यंत्र नवं मानलं जात नाही, आणि पेटंट हातचं जाऊ शकतं. नवख्यांची ही सर्वांत महागडी चूक. तात्पुरता अर्ज केलात की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

मात्र चोरीच्या भीतीने कल्पना दडवूनही ठेवू नका. विश्वासातल्या शेतकऱ्याला, कुणाला सांगणार नाही या अटीवर, नमुना जरूर दाखवा. दावे, म्हणजे यंत्रातल्या नेमक्या कशावर तुमचा हक्क हे सांगणारी अर्जातली वाक्यं, कसे लिहायचे, ते नंतर बघू.