वर्शिप टीम आहे, साधने आहेत, तरी मंडळी गात नाही. आणखी काय घ्यावे?

तुमच्याकडे कीबोर्ड, ड्रम सेट, दोन गिटार आणि सहा माइक आहेत, टीम दर शनिवारी सराव करते, तरी रविवारी चर्चमध्ये मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, नुसती उभी राहते. आता हातात ६०,००० रुपये आहेत, तर मोठे स्पीकर घ्यावेत की नवा मिक्सर, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर: सध्या काहीच घेऊ नका. आधी गाण्यांची पट्टी, म्हणजे ज्या सुरापासून गाणे धरतात तो ‘सा’, खाली आणा.

‘मंडळी आत्म्यात थंड आहे, मोकळेपणाने स्तुती करत नाही’ असे आमच्याकडेही माइकवरून सांगितले गेले आहे. त्यावरून तरुण संघ आणि मंडळीचा कारभार पाहणारी पंच कमिटी यांच्यात जे वाजले ते अजून पुरते मिटलेले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरातले सगळे आटोपून उपासनेला वेळेवर येऊन बसणाऱ्या बायांना थंड म्हणणे मला साफ नामंजूर आहे. त्या गात नाहीत कारण गाणे त्यांच्या गळ्यात बसत नाही. हे पेटीवर (हार्मोनियमवर) पाच मिनिटांत तपासता येते.

घडते ते असे. टीम यूट्यूबवरचे गाणे जसेच्या तसे उचलते. मूळ गायक उंच गळ्याचा पुरुष असतो. समजा गाणे पांढरी पाचमध्ये आहे, म्हणजे सप्तकातले पाचवे पांढरे बटण (इंग्रजीत जी) हा त्याचा सा, आणि चाल खालच्या पंचमापासून (प) वरच्या षड्जापर्यंत (सा) जाते. रेकॉर्डिंगमध्ये ते छानच वाटते, कारण धृपदात गायकाचा आवाज ताणला की ऐकणाऱ्याला जोर जाणवतो. बाकावरच्या पुरुषाला मात्र वरची पांढरी पाच लागत नाही. तो एक तर ओरडतो किंवा गप्प बसतो. बायकांची अडचण वेगळी. गायकाच्याच सुरात गायचे तर कडवे इतके खाली जाते की आवाज उमटत नाही, आणि सप्तक वर घ्यावे तर धृपद किंचाळल्याशिवाय निघत नाही. मग त्या कडवे वर धरतात, धृपदात खाली उतरतात, शेजारणीचे तिसरेच चाललेले असते, आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळ्यांचे नुसते ओठ हलतात. स्टेजवरून डोळे मिटून गाणाऱ्याला हे दिसत नाही. जुना पेटीवाला मंडळीच्या तोंडाकडे बघून पट्टी धरायचा. ‘म्हाताऱ्यांना जुनीच गाणी आवडतात’ या आरोपाचे निम्मे उत्तर इथेच आहे: ती गाणी त्यांच्या गळ्याच्या मापाने वाजवली जात होती.

न शिकलेल्या गळ्याची हद्द साधारण अशी धरा: खाली पांढरी सहा, वर पुढच्या सप्तकातली पांढरी दोन. पुरुष हेच एक सप्तक खाली गातात. नवे गाणे घेतले की त्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर पेटीवर शोधा आणि दोन्ही टोके या हद्दीत बसवा. मघाचे गाणे पांढरी दोनमध्ये आणले की चपखल बसते: खालचा पंचम पांढरी सहावर, वरचा षड्ज पांढरी दोनवर. कीबोर्डवर ट्रान्सपोज (अर्ध्या-अर्ध्या सुराने पट्टी हलवणारी सोय) उणे ५. उपासना सकाळी आठची असेल तर आणखी अर्धा सूर उतरा, म्हणजे काळी एक. त्या वेळी गळे उघडलेले नसतात. ट्रान्सपोजचा धोका एकच आहे. पुढच्या गाण्याआधी तो शून्यावर आणायला विसरलात तर गिटार एका पट्टीत आणि कीबोर्ड दुसऱ्या. म्हणून शक्यतो सगळी गाणी दोन-तीन पट्ट्यांतच बसवा.

‘काळ्या पट्ट्यांत गिटार वाजत नाही’ ही तक्रार तर ऐकूच नये. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि पांढरी एकचे कॉर्ड धरा, काळी एक मिळाली. शिवाय तबला पुन्हा पुन्हा सुरात मिळवावा लागत नाही. साडेपाच इंची तबला काळी एकला मिळवला की काळी एकच्या गाण्याला षड्ज, काळी तीनच्या गाण्याला पंचम आणि काळी चारच्या गाण्याला मध्यम मिळतो. तबल्याला हात न लावता तीन पट्ट्या निघाल्या. त्याउलट एक गाणे पांढरी पाचमध्ये, पुढचे पांढरी तीनमध्ये, असे ठरवले की तबलजीने गजऱ्यावर (तबल्याच्या काठाच्या वेणीवर) हातोडी मारत बसायचे की प्रार्थनेत डोके वाकवायचे? पावसाळ्यात पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडून सूर उतरतो, तेव्हा उपासनेआधी पंधरा मिनिटे त्याला शांतता द्या. त्याच वेळी ड्रमवाल्याने हात साफ करू नये.

पेटी ‘कीबोर्डशी जुळत नाही’ म्हणून कपाटात गेली असेल तर बाहेर काढा. कीबोर्डची पांढरी सहा ४४० हर्ट्झवर असते, जुन्या पेटीची तिथेच असेल असे नाही. मोबाइलवर ट्यूनर उघडा, पेटीची पांढरी सहा दाबून धरा, भाता एकसारखा चालवा आणि आकडा वाचा. ४४३ आला तर कीबोर्डचे मास्टर ट्यूनिंग ४४३ करा आणि गिटारवाल्यांच्या ट्यूनरमध्येही तोच आकडा घाला. कीबोर्ड बटणाने हलतो, पेटीचे सूर मात्र कारागिराने कानशीने घासल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून जुळवून घ्यायचे ते कीबोर्डने. पेटीचा माइक भात्यापासून लांब, सुरांच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवा, नाहीतर गाण्यापेक्षा वारा जास्त ऐकू येतो.

ठेक्याचे थोडे बोलायलाच हवे, कारण ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते ‘आता चालत नाहीत’ असे म्हणणारे तीच गीते चुकीच्या ठेक्यात वाजवतात. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि १९१९ साली ते वारले. एवढ्या अवधीत त्यांनी मराठी मंडळीला अभंग-ओवीच्या घाटाची गीते दिली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले, म्हणजे जे वळण लोकांच्या तोंडी आधीपासून होते तेच उपासनेला मिळाले. अशा गीतात चरण संपला की मंडळी शेवटचे अक्षर लांबवते आणि श्वास घेते. भजनी ठेक्यात त्याला जागा असते. तिथे ड्रमवाल्याने दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) लावला आणि कानात क्लिक (लय धरणारी टिकटिक) असल्यामुळे कीबोर्ड थांबलाच नाही, तर पुढच्या चरणाचा पहिला शब्द मंडळीच्या हातून सुटतो. दोन चरण सुटले की ती गाणे सोडून देते. अशा गीताला क्लिक बंद ठेवा, तबला किंवा ढोलकी पुढे घ्या, गिटारने फक्त समेवर कॉर्ड सोडावा. इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते वेगळी, त्यांना सरळ ठोका शोभतो.

आता आवाज. सहा माइक आहेत म्हणून सहाही उघडे ठेवू नका. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी (फीडबॅक) यायच्या आधी वाढवता येणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. मुख्य गायक आणि जोडीला एक, बाकीचे चॅनेल म्यूट. गाण्याच्या प्रत्येक चॅनेलला लो-कट (खालची घरघर कापणारे बटण) लावा, १०० हर्ट्झच्या आसपास. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे हवेत, मागे कधीच नकोत. शुअरचा एसएम ५८ किंवा तशाच कार्डिओइड जातीचा (मुख्यतः समोरचे ऐकणारा) माइक असेल तर मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, त्याच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवा, कारण त्या माइकला तिकडचे सर्वांत कमी ऐकू येते. आणि माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. तशी धरली की त्याचा हा गुण जातो आणि शिट्टी सुरू होते. पत्र्याचे छप्पर आणि शहाबादी फरशी असेल तर ड्रमच्या काठ्यांऐवजी रॉड (बारीक काड्यांची जुडी) वापरा किंवा सरळ कॅहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) घ्या.

आवाजाची पातळी मिक्सरपाशी बसून ठरवू नका. तिसऱ्या-चौथ्या बाकापाशी उभे राहा. शेजाऱ्याचे गाणे ऐकू येत नसेल तर टीमचा आवाज जास्त आहे. माणसाला शेजारचा ऐकू आला नाही की तो एकटा पडतो आणि थांबतो. तुमच्या मंडळीत हेच चालले असेल तर मोठे स्पीकर आणून ते वाढेलच.

पडद्यावर एका वेळी चार ओळी, आणि पुढची स्लाइड चालू ओळीच्या शेवटच्या शब्दावर, नंतर नाही. गीते युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की ऐन वेळी अक्षरांची खिचडी होते. नवे गाणे महिन्याला एकच, आणि ते सलग तीन रविवार.

हे सगळे रविवारच्या मुख्य उपासनेचे आहे. तरुणांची सभा किंवा नाताळची फेरी यांना वरच्या पट्ट्या चालतात, तिथे मी अडवणार नाही. गळ्याची हद्दही प्रत्येक मंडळीत अर्धा-एक सूर इकडेतिकडे असते, तेव्हा शेवटच्या कडव्याला सगळी वाद्ये आणि माइक बंद करून कानाने तपासा. मंडळीच्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) जे ‘ड्रम आले म्हणून भक्ती गेली’ म्हणतात त्यांचेही मला पटत नाही. खाली आणलेल्या पट्टीत, हलक्या हाताने वाजणाऱ्या ड्रमसोबत मंडळी व्यवस्थित गाते.

पैसे खर्चायचेच असतील तर साडेपाच इंची तबल्याला चांगली पुडी बसवून घ्या, पेटीचा भाता आणि सूर कारागिराकडून नीट करून घ्या, दोन चांगले कॅपो आणि माइकच्या नव्या केबल आणा. खरखर बहुतेक वेळा केबलच्या टोकाशी सुटलेल्या डाखाची असते, मिक्सरची नसते. उरलेल्या पैशांचा निर्णय दोन महिन्यांनी घ्या. तोवर टीमच्या गीतपुस्तकात प्रत्येक गीताच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलने पट्टी, ठेका आणि कॅपोचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे एखाद्या रविवारी नेहमीचा वादक आला नाही तरी पट्टी वर जाणार नाही.