कॉपीराइट संपला म्हणून कथा मोकळी झाली का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कथांचा एक जुना इंग्रजी संग्रह मिळाला आहे. कॉपीराइट संपलेला आहे. त्यातल्या पाच कथा मुलांसाठी मराठीत आणायच्या आहेत. परवानगी लागेल का?

उत्तर : कायद्याने बहुधा नाही, तरी घ्याच. कॉपीराइट असतो लिहिणाऱ्याच्या शब्दांवर. ज्यांच्या तोंडून कथा उतरवून घेतली त्यांचं नावही अनेकदा पुस्तकात नसतं. न्गारिन्जेरी समाजातल्या डेव्हिड युनायपॉन यांनी तर कथा स्वतः लिहिल्या होत्या. १९३० साली त्या विल्यम रॅमसे स्मिथ यांच्या नावावर छापल्या गेल्या, युनायपॉन यांचा उल्लेखही न करता. तो संग्रह खुद्द युनायपॉन यांच्या नावाने निघाला २००१मध्ये. तोवर त्यांना जाऊन ३४ वर्षं झाली होती.

म्हणून आधी कथा कोणत्या समाजाची ते शोधा. वसाहतीपूर्वी त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या, त्यामुळे नुसतं ‘ऑस्ट्रेलियन आदिवासी कथा’ लिहून भागत नाही. संग्रहातलं नदीचं, गावाचं नाव किंवा एखादा मूळ शब्द यांवरून माग लागतो. नाहीच लागला, तर ती कथा सोडून द्या. लागला, तर त्या समाजाच्या भाषाकेंद्राला लिहा आणि जाणत्या मंडळींपर्यंत पोहोचा. ओळखीच्या एखाद्याने ‘चालेल’ म्हटलेलं पुरत नाही. कोणती कथा कोणी, कोणासमोर सांगायची हे ठरलेलं असतं. काही फक्त बायकांच्या असतात, काही दीक्षा झालेल्या पुरुषांच्या. जुन्या संग्राहकांनी अशाही कथा छापून टाकल्या आहेत.

पत्रासोबत तुमच्या मराठी खर्ड्याचं इंग्रजी भाषांतर, चित्रांची पेन्सिलीतली रेखाटनं, प्रतींची संख्या आणि किंमत पाठवा. सगळी चित्रं रंगवून झाल्यावर विचारणं ही नेहमीची चूक. मग नकार आला की झालेला खर्च दिसतो आणि पुस्तक तसंच रेटलं जातं. ठिपक्यांची चित्रंही सरसकट नकोत; ती शैली मुख्यतः मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी भागाची आहे. उत्तराला काही महिने लागू शकतात, तेवढे हाताशी ठेवा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे.

होकार मिळाल्यावर करारात रॉयल्टीचा वाटा आणि श्रेयाचे नेमके शब्द लिहून घ्या. पुनर्मुद्रण, ऑडिओ, चित्रपट यांची परवानगी वेगळी.

प्रश्न : प्रस्तावनेत ‘हे लोक असं मानत असत’ असं चालेल?

उत्तर : ‘मानतात’ लिहा, हे समाज आजही आहेत. ‘दंतकथा’ऐवजी ‘कथा’ म्हणा. दिवंगत व्यक्तीचं नाव किंवा छायाचित्र घेणार असाल, तर कुटुंबाला विचारा आणि पुस्तकात असं नाव किंवा छायाचित्र आहे, अशी सूचना पहिल्याच पानावर छापा. अनेक समाजांत ते अनपेक्षित समोर येणं क्लेशदायक असतं.