चिप झोपते, बोर्ड जागाच राहतो

प्रिय मित्रा,

तुझ्या बॅटरीवर चालणाऱ्या वाय-फाय बोर्डाचं स्किमॅटिक (जोडणीचा नकाशा) आणि ले-आउट (पार्टांची मांडणी), दोन्ही सावकाश पाहिलं. पहिल्याच फटक्यात वाय-फाय लागलं, हे छानच झालं. पण हा ओपन सोर्स, म्हणजे आराखडा सगळ्यांना खुला असलेला, बोर्ड हौशी मंडळी आणि संशोधक, दोघांनाही द्यायचा असं तू म्हणतोस. तिथे जरा थांब, कारण या दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात.

हौशी माणूस बोर्ड टेबलावर ठेवतो, यूएसबी खुपसतो आणि लाल दिवा पेटला की खूश होतो. ठाण्याच्या खाडीत, कांदळवनात हाच बोर्ड डब्यात घालून बांधणाऱ्या संशोधक मुलीला दिव्याशी काही देणंघेणं नाही. बॅटरी बदलायची म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा बघून चिखल तुडवत जायचं; अख्खा दिवस मोडतो. तिला बॅटरी काही महिने तरी पुरायला हवी. तुझ्या आत्ताच्या बोर्डावर ती तीन आठवडेसुद्धा काढणार नाही.

हिशोब बघ. बोर्डावरची मुख्य वाय-फाय चिप ईएसपी३२ डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, गेली की डेटाशीटप्रमाणे १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. पण बॅटरीचं व्होल्टेज चिपला हवं तेवढं करून देणारा, तू लावलेला एएमएस१११७ रेग्युलेटर नुसता बसून ५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे चिपच्या पाचशे पट. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४०० तासांत, सोळा-सतरा दिवसांत संपली, आणि अजून एकही रीडिंग पाठवलेलं नाही! शिवाय चिपला ३.३ व्होल्ट द्यायचे तर त्याच्याकडे येणारं व्होल्टेज साधारण एक व्होल्ट जास्त लागतं, आणि लिथियम सेल बहुतेक वेळ ३.७ च्या आसपास असतो. म्हणजे बॅटरीवर तो मुळातच चालायचा नाही. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कुठल्याही दुकानात चिल्लर भावात मिळतो, म्हणून जो तो लावतो. तू त्याऐवजी आरटी९०८० रेग्युलेटर बघ. ६०० मिलिअँपिअर देतो आणि स्वतःसाठी २ मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतो. वाय-फाय पाठवताना काहीशे मिलिअँपिअरचे झटके बसतात, तेव्हा चिप ज्यात बसवलेली आहे त्या मॉड्यूलच्या अगदी पायाशी एक भरभक्कम कपॅसिटर हवाच.

बॅटरी मोजायला तू १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावलेस. त्यांतून चोवीस तास २० मायक्रोअँपिअर वाहतात, झोपलेल्या चिपच्या दुप्पट. ते मेगओहमचे कर आणि चिपच्या व्होल्टेज मोजणाऱ्या (एडीसी) पिनवर छोटा कपॅसिटर दे, नाहीतर मॉस्फेटने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, मोजण्यापुरतेच जोड. पॉवरचा दिवा काढू नकोस, हौशी लोक रुसतील. त्याच्या वाटेत फक्त सोल्डर जंपर, म्हणजे सोल्डरने जोडता-तोडता येणारी जागा, ठेव. संगणकाशी बोलणाऱ्या यूएसबी-सिरियल चिपला वीज यूएसबीकडूनच मिळू दे, बॅटरीकडून नको.

आणि हे सगळं मोजून बघ. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून बोर्ड चालू केलास तर तो सुरूच होणार नाही, कारण वाय-फायच्या झटक्यात मीटरच्या आतल्या रेझिस्टरवरच व्होल्टेज पडतं आणि चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते. मीटरच्या दोन टोकांमध्ये एक वायर आडवी जोडून ठेव, बोर्ड झोपला की ती सोडव, मग आकडा वाच. जाग यायच्या आत परत जोड.

अँटेनाबद्दल थोडक्यात: मॉड्यूलचं अँटेनाचं टोक बोर्डाच्या कडेबाहेर काढ, निदान त्याच्याखाली कुठल्याच थरात तांबं ठेवू नकोस. तू नेमका तिथेच बॅटरी होल्डर बसवला आहेस. रेंज कमी येते म्हणून तू फर्मवेअर चाळत बसलास, पण दोष त्या होल्डरच्या धातूचा आहे.

पुढच्या आवृत्तीत लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ, टाकणार असशील तर मॉड्यूल घेताना फ्रिक्वेन्सीचा पट्टा तपास. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे; अमेरिकेसाठी ९१५ वर जुळवलेलं मॉड्यूल स्वस्त दिसलं तरी उचलू नकोस. बोर्ड विकायला काढलास तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मंजुरी लागेल. सुटी चिप न वापरता प्रमाणित मॉड्यूल वापरलंस, हे शहाणपण केलंस.

आता ओपन सोर्सचं. तू फक्त पीडीएफ टाकली आहेस. त्याने काय होणार? बघणाऱ्याला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) हलवता आला पाहिजे, म्हणून बोर्ड आखायच्या कायकॅड सॉफ्टवेअरच्या मूळ फाइली, पार्टांची यादी आणि लायसन्स, तिन्ही दे. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर लायसन्सची २०२० ची दुसरी आवृत्ती वाच. तिचे एस, डब्ल्यू आणि पी असे तीन प्रकार आहेत. बदल करणाऱ्यानेही आपल्या फाइली खुल्या कराव्यात असं वाटत असेल तर एस घे.

फाइली उघड्या ठेवायला लाजू नकोस. तुझ्या यूएसबी-सी सॉकेटवर सीसी१ आणि सीसी२ या पिना (पलीकडे काय जोडलंय हे यांवरून ओळखतात) एकत्र करून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर आहे. दोघांना वेगवेगळे हवेत, नाहीतर काही केबलींवर वीजच येत नाही. हीच चूक २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डात होती. स्किमॅटिक लोकांसमोर होतं म्हणून बाहेरच्या माणसाने नेमकं बोट ठेवलं आणि पुढच्या आवृत्तीत ती सुधारली गेली. तूही चुकांची यादी फाइलींसोबतच ठेव आणि आवृत्तीचा क्रमांक बोर्डावर छाप. नाहीतर खाडीतला बोर्ड कुठला, हे त्या मुलीला कळणार कसं?

०४०२ मापाचे पार्ट जमेल तिथे ०८०५ कर. एक मिलिमीटर लांबीचा रेझिस्टर घरच्या सोल्डरिंग आयर्नने बदलताना भल्याभल्यांचे हात थरथरतात.

बदललेलं स्किमॅटिक आणि झोपेतला करंट, दोन्ही पाठव. तोवर नवीन बोर्ड छापायला टाकू नकोस. लॅमिंग्टन रोडला पार्ट घ्यायला जाणार असशील तर शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

कळावे.