पणजीला बदली झाली आहे, मुलं लहान आहेत, तर घर कुठल्या भागात बघावं?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची पुण्याहून पणजीला बदली झाली आहे, पुढच्या जूनपर्यंत बिऱ्हाड हलवायचं आहे, मुलगी सहा वर्षांची होईल, मुलगा तीनचा. मराठी शाळा हवी आणि जमलं तर समुद्राजवळ घर हवं. मी पर्वरीला राहते, माहेर फोंड्याकडचं, आणि प्राथमिक शाळेत शिकवते. बाहेरून आलेली मुलं इथे कशी रुळतात आणि कधी कधी का रुळत नाहीत, हे दरवर्षी जवळून बघते. म्हणून सरळच सांगते: समुद्राची अट आधी काढून टाका. जिथे शेजारची घरं बारा महिने उघडी असतात, अशी वस्ती शोधा. गोव्यात लहान मुलांसाठी याहून मोठा निकष मला तरी माहीत नाही.

किनारपट्टीवर, म्हणजे कळंगुट, कांदोळी, हणजूण, वागातोर या बाजूला, फ्लॅट आणि बंगले भरपूर दिसतील. पण त्यांतले बरेच बाहेरगावच्या लोकांनी सुट्टीपुरते घेतलेले किंवा पर्यटकांना चार-चार दिवस भाड्याने दिलेले असतात. डिसेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि जुलैत पायऱ्यांवर शेवाळ धरतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आईवडील नोकरीनिमित्त आलेले, घर सुंदर, मागे बाग. तिला एकदा विचारलं, संध्याकाळी कोणाबरोबर खेळतेस? ती म्हणाली, वॉचमनकाकांबरोबर. आजूबाजूच्या चारही घरांत दर आठवड्याला नवीन माणसं यायची. आईवडिलांची काहीच चूक नव्हती, त्यांनी घर चांगलंच निवडलं होतं, फक्त शेजार नव्हता. पुढच्या वर्षी ते म्हापशात राहायला गेले आणि ती मुलगी दोन महिन्यांत घडाघडा कोंकणी बोलायला लागली.

त्या भागात घरमालकही हंगाम बघतात. काही जण पावसाळ्यापुरतं घर स्वस्तात देतात आणि ऑक्टोबर आला की रिकामं करून मागतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना घेऊन असं वर्षाच्या मधे बिऱ्हाड हलवणं परवडत नाही. शिवाय रात्रीचं संगीत आणि अरुंद रस्त्यांवर भाड्याच्या दुचाक्या आहेतच. समुद्र कुठे पळून जात नाही. पणजीच्या आसपास कुठेही राहिलात तरी रविवारी मिरामार किंवा करंझाळेला जाता येतं.

आता वस्ती बारा महिन्यांची आहे हे ओळखायचं कसं? एक म्हणजे घर बघायला डिसेंबरात येऊ नका, या जुलैत या. संध्याकाळी सातच्या सुमारास त्या गल्लीतून एक फेरी मारा आणि किती घरांत दिवे लागलेत ते बघा. गॅलरीत शाळेचे युनिफॉर्म वाळत आहेत का, जिन्याखाली लहान सायकली आहेत का, ते बघा. आणि पोदेर त्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ येतो का, ते तळमजल्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा. सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा हा माणूस रिकाम्या घरांसाठी चढण चढत नाही. दलालाने काहीही सांगो, पोदेर येत असेल तर तिथे माणसं राहतात. त्याच बाईला पाण्याचंही विचारून घ्या.

पणजीत ऑफिस असेल तर माझी पहिली पसंती पर्वरी, पण हायवेपासून आत. आल्त पर्वरी, गृहनिर्माण मंडळाची वसाहत आणि तिच्या मागच्या गल्ल्या या नोकरदारांच्या, शिक्षकांच्या, निवृत्त लोकांच्या वस्त्या आहेत. इथे संध्याकाळी मुलं खाली उतरतात. मराठी कुटुंबं पुष्कळ, बाजार जवळ, पणजी-म्हापसा बस सतत. पण दोन गोष्टी आधीच जाणून घ्या. उन्हाळ्यात इथे पाण्याची ओढाताण होते. बार्देशला, म्हणजे पर्वरी-म्हापशाच्या या तालुक्याला, मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून पाणी येतं आणि पर्वरीच्या चढावर पोचेपर्यंत दाब कमी होतो. नळाला पाणी कधी येतं, बिल्डिंगला जमिनीखालची टाकी आहे का, एप्रिल-मेमध्ये टँकर किती वेळा मागवावा लागला, हे विचाराच. दुसरं, हायवेवर उड्डाणपुलाचं काम काढलंय. ते पूर्ण होईपर्यंत रस्त्यालगतच्या घरात धूळ येणार. आणि पूल झाला तरी एक गोष्ट बदलणार नाही: शाळा आणि घर हायवेच्या एकाच बाजूला असू द्या. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन, कडेवर तीन वर्षांचा, पावसात तो रस्ता ओलांडून बघितलात की मी काय म्हणते ते कळेल.

खुद्द पणजीत भाटले, मळा हे जुने भाग राहते आहेत, पण घरं जुनी, पार्किंग नाही, आणि मळ्यात पाऊस जोराचा झाला की पाणी भरतं. ताळगाव आणि करंझाळेला नवीन इमारती आहेत, मुलांसाठी सोयीचं, भाडं मात्र जास्त, आणि तिथेही बंद फ्लॅट बघून घ्यावे लागतात. मेरशी आणि सांताक्रूझ मला मध्यम बजेटसाठी आवडतात. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तिथून अगदी जवळ, आणि लहान मुलं असताना रात्री दोन वाजता या जवळिकीची किंमत कळते. फक्त सखल जागा टाळा. जुन्या खाजन शेतजमिनीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, कडेला उभ्या राहिलेल्या इमारतींत तळमजला घेऊ नका.

फोंड्याबद्दल मी पक्षपाती आहे असं कोणी म्हणेल, पण मराठी वातावरण हवं असेल तर फोंडा तालुक्यासारखी जागा नाही. कुर्टी, फर्मागुडी, बांदोडे, कवळे इथे घरं एकमेकांना धरून आहेत. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा ही देवळं म्हणजे बाहेरच्यांना पर्यटनस्थळं, पण मुलांना ती खेळायची अंगणंच आहेत. जत्रा, पालखी, शिगमो (आपला शिमगा), गावोगावची मराठी नाटकं हे सगळं वर्षभर चालू असतं, आणि नवीन आलेल्या कुटुंबाला त्यात सहज ओढून घेतात. राजीव गांधी कलामंदिर आहे, उपजिल्हा इस्पितळ आहे, गोवा विद्याप्रसारक मंडळासारखी जुनी शिक्षणसंस्था आहे. अडचण एकच, पणजी तीसेक किलोमीटर लांब. बाणस्तारी, जुनं गोवं करत सकाळी तासभर धरा. मिस्टर रोज हा प्रवास करायला तयार असतील तर फोंडा. उशिरापर्यंत थांबायची नोकरी असेल तर नको, कारण मग मुलांना बाबा रविवारीच दिसतील.

म्हापशात खोर्ली, दत्तवाडी या बाजूला चांगला शेजार मिळतो. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी सांभाळा, जिल्हा इस्पितळ गावातच आहे. वास्कोत कोळशाच्या धुळीबद्दल लोकांची तक्रार जुनी आहे, लहान मुलांना घेऊन मी तिकडे जाणार नाही. मडगाव शहर म्हणून उत्तम, पण पणजीच्या नोकरीसाठी उलट्या टोकाला.

शाळेचं गणित पुण्यापेक्षा वेगळं आहे. इथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून. म्हणजे मुलीची शाळा चार वर्षांनी बदलू शकते, तेव्हा पाचवीला कुठे जाणार हे आजच बघा. सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या असतात आणि बहुतेक गावांत चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात. पण काही शाळांत पट इतका घसरलाय की एकच शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेतो. नाव घालायच्या आधी एक सकाळ जाऊन बसा. पहिलीत किती मुलं आहेत ते डोळ्यांनी बघा. शिक्षिका म्हणून सांगते, आठ-दहा मुलांचा वर्ग वाईट नसतो, दोन मुलांचा असतो. अनुदानित शाळांना सरकारच्या योजनेतल्या बालरथ बसगाड्या असतात. ती कुठल्या वळणापर्यंत येते आणि तिथून घर किती लांब, हे शाळेतच विचारा. आतल्या रस्त्यांवर रात्री आठनंतर बस जवळजवळ मिळत नाही, म्हणून घरात एक दुचाकी लागेलच.

मराठी घरातल्या मुलांना इथे भाषेची भीती बाळगायचं कारण नाही. खेळात कोंकणी, शाळेत मराठी, शेजारच्या आंटीशी थोडी इंग्रजी, असं ती आपोआप करतात. पणजीत कांपालला बाल भवन आहे, गाणं, चित्रकला, नाच असे वर्ग चालतात. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, मराठी पुस्तकं भरपूर, पावसाळी शनिवारी तिथे अख्खी दुपार जाते.

एका गोष्टीसाठी मात्र हात जोडून सांगते. घराच्या आसपास चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, आहे का ते बघा. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसात काठोकाठ भरतात, वरून तळ्यासारख्या शांत दिसतात, पण काठ सरळ तुटलेला असतो आणि खोली कळत नाही. पोहायला उतरलेली मुलं त्यात बुडाल्याच्या बातम्या इथे पावसाळ्यात येतात. बार्देशातला, डोंगराच्या अंगाचा बंगला बघताना घराइतकंच मागचं रानही फिरून या. परसातल्या विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, तेही बघा. समुद्रात तर पावसाळ्यात मुलांना घोट्याभर पाण्यातसुद्धा नेऊ नका.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. अकरा महिन्यांचा करार लेखी करा, त्यात हंगामात घर रिकामं करायची अट नाही ना हे वाचून घ्या, आणि पोलिसांतली भाडेकरू पडताळणी मालकाकडून करवून घ्या, ती टाळणारा मालक मला नको वाटतो. विकत घ्यायचा विचार एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्यावर करा.

आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत बिल्डिंग अचानक रिकामी दिसली तर घाबरू नका, सगळे आपापल्या गावच्या घरी गेलेले असतात. कोणी शेजारी चवथीला गावी बोलावेल, मुलांना घेऊन जरूर जा. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगलेली रानफळं तुमच्या मुलीला तिथेच पहिल्यांदा बघायला मिळतील.