प्रतिजनाला पेशी ‘ओळखते’ की तिला त्याची ‘ओळख पटते’?

ऐरोलीच्या जीवशास्त्राच्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे : “जी रोगप्रतिकारक पेशी प्रतिजनाला (अँटिजेनला, म्हणजे शरीराच्या बचावयंत्रणेला जागं करणाऱ्या परक्या पदार्थाला) आधी कधी भेटलीच नाही, ती त्याला ‘ओळखते’ असं कसं म्हणायचं, यावर वर्गातला एक मुलगा अडून बसला. काय सांगू? शिवाय प्रतिजन लिहू की प्रतिजनक?”

बाई, बेलाशक ‘ओळखते’ म्हणा. फक्त ‘ओळख पटते’ म्हणू नका. ठाण्यातल्या आरोग्यविषयक व्याख्यानांत हे ऐकून ऐकून मी विटलो आहे. ओळख पटायला आधीची माहिती हाताशी लागते. ती पटवणं पोलिसांचं काम. पेशीकडे कुणाचा फोटो नसतो.

मुलगा ‘ओळख’ या नामावर अडकला आहे, क्रियापद वेगळं आहे. “ओळख पाहू, माझ्या मुठीत काय आहे?” यात कुठे आला पूर्वपरिचय? ओळखणे हे संस्कृत उपलक्ष् पासून प्राकृतातून आलं. त्यातला ‘लक्ष्’ खुणेचा. खुणेवरून ताडणं, हे ओळखणं. वाशीच्या फळबाजारातलं मुरलेलं गिऱ्हाईक देठाशी नाक नेऊन हापूस ओळखतं, आंबा कापून बघत नाही.

पेशीचंही असंच. अख्खा जंतू तिच्या हिशेबात नसतोच. बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणारी पेशी, त्याच्या पृष्ठभागावरच्या एवढ्याशा भागाचा आकार पकडते. बाधित पेशींना मारणाऱ्या टी-पेशीला तर त्या बाधित पेशीने आतल्या प्रथिनाचा तुकडा स्वतःच्या रेणूवर ठेवून दाखवावा लागतो. तुकडा केवढा? बहुधा ८ ते १० अमिनो आम्लांचा! परका तुकडा आणि तो धरणारा आपला रेणू टी-पेशी एकत्रच पाहते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. आणि खूण पकडणारे पेशीवरचे रेणू, म्हणजे ग्राही (रिसेप्टर), प्रतिजनक येण्याआधीच तयार असतात, जनुकांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हांनी जोडून घडलेले. या शोधासाठी सुसुमु तोनेगावा या शास्त्रज्ञांना १९८७ चं नोबेल मिळालं. भेट झालेली नसते हे मुलाचं म्हणणं खरंच आहे, पण ओळखायला भेट लागत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. याच उपलक्ष् चा ‘उपलक्षण’ हा जुन्या संस्कृत शास्त्रांतला शब्द : एकाचं नाव घेऊन तशा सगळ्यांना गाठणं. त्याचं ठरलेलं उदाहरण : ‘काकेभ्यो दधि रक्ष्यताम्’, कावळ्यांपासून दही राख. नाव कावळ्याचं घेतलं, तरी शहाणा माणूस मांजरालाही हाकलतो. इंग्लिश वैद्य जेन्नरने १७९६ मध्ये गायीच्या देवी टोचल्या आणि माणसाच्या देवी अडल्या, ते दुसरं काय होतं? शरीराला कावळा दाखवला, त्याने मांजरही अडवलं. दोन्ही विषाणूंच्या खुणा मिळत्याजुळत्या, म्हणून. ओळखणे या क्रियापदात हे सगळं आधीपासून मुरलेलं आहे, असं मी ठामपणे मानतो.

एका कोशप्रेमी गृहस्थांचा आग्रह ‘ओळखणे’ऐवजी ‘अभिज्ञान’ लिहा असा. साफ चूक. अभिज्ञान म्हणजे दुष्यंताची अंगठी : आधी भेट, मग विस्मरण, मग आठवण. पहिल्याच भेटीत काम करणाऱ्या पेशीला ही अंगठी कशाला? संस्कृत जड असलं की शास्त्रीय होतं, हा समज आपल्या पाठ्यपुस्तकांना फार महाग पडला आहे.

नाम वापरायचंच असेल तर पुढच्या पायरीला वापरा. पहिल्यांदा पेशी ओळखते. त्यानंतर मागे उरलेल्या स्मृतिपेशी ‘ओळख ठेवतात’. दोन क्रिया, दोन प्रयोग, मुलाला लगेच कळेल.

हो, ते प्रतिजनक. तेच लिहा. ‘प्रतिजन’ला मुलं ‘दर माणशी’ समजतात.